बेस गिटार वाजवताय आणि डबल बेस शिकायचाय? मग डाव्या हातापासून सुरुवात करा

बेस गिटार काही वर्षं वाजवून झाली की कधीतरी डबल बेसची, म्हणजे व्हायोलिनसारख्या दिसणाऱ्या त्या माणसाएवढ्या मोठ्या वाद्याची ओढ लागते, आणि एकदा ते मोठं लाकडी धूड अंगाला टेकवून नुसती ई ची मोकळी तार छेडली की पोटात जी थरथर जाणवते ना, ती अनुभवल्यावर माणूस सहसा मागे फिरत नाही. माझं तसंच झालं. ट्यूनिंग तेच, ई ए डी जी, नोटेशन पण तेच, लिहिलेलं असतं त्याच्या एक ऑक्टेव्ह खाली वाजतं, मग अवघड काय असणार असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला आणि तीन आठवडे वाद्य कोपऱ्यात उभं करून ठेवावं लागलं. कारण एकच होतं, मी डबल बेसवर बेस गिटारचा डावा हात वापरत होतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय. डोक्यात जे आहे, कॉर्ड्स, ग्रूव्ह, ड्रमरच्या किकबरोबर बसणं, ते सगळं जसंच्या तसं कामाला येतं, कान पण येतो. हात मात्र कोरा आहे असं धरूनच चालायचं.

आधी आकडे सांगतो, म्हणजे हात का बदलावा लागतो ते नीट कळेल. बेस गिटारची तार नटपासून (गळ्याच्या वरच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (पोटावरची, तारांखालची घोडी) साधारण ८६ सेंटीमीटर असते, डबल बेसची १०४ ते १०६. हा नेहमीचा म्हणजे थ्री-क्वार्टर साइजचा डबल बेस, नाव ३/४ असलं तरी मोठ्या माणसांसाठी हाच स्टँडर्ड आहे, छोटा घेतोय असं मनात आणू नका. आता गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, डबल बेसवर त्या नसतात), एका फ्रेटला एक बोट, असं अंतर साधारण १३ सेंटीमीटर होतं. डबल बेसवर तेच सूर त्याच चार बोटांनी घ्यायचे तर जवळजवळ १६ सेंटीमीटर ताणावं लागतं, आणि ते पण कितीतरी जाड तार, प्रत्येक तारेवर साधारण २५ ते ३५ किलोचा ताण आणि तार फिंगरबोर्डपासून, म्हणजे जिथे बोटं तार दाबतात त्या पाटीपासून, चांगली उंच. हात मोठा असेल तर एखाद वेळेला जमेलही, पण असं तासभर वाजवलं तर हाताची वाट लागते.

म्हणून डबल बेसवाले खालच्या पोझिशनमध्ये, म्हणजे नटजवळच्या खर्जाच्या जागांवर, तीनच बोटं धरतात: १, २ आणि ४. पहिलं म्हणजे तर्जनी, दुसरं मधलं, आणि चौथं करंगळी, तिसरं बोट करंगळीच्या सोबत तारेवर बसतं, तिला जोर द्यायला. पहिल्या आणि दुसऱ्यात अर्धा सूर, दुसऱ्या आणि चौथ्यात अर्धा सूर, म्हणजे एका जागी अख्ख्या हातात फक्त एक पूर्ण सूर मावतो. गिटारवर एका जागी त्याच्या दीडपट मिळत होतं. बाकीचं सगळं शिफ्ट करून, म्हणजे अख्खा हात सरकवून, किंवा शेजारच्या तारेवर जाऊन. ही पद्धत डबल बेसवादक फ्रांझ सिमांडलच्या नावाने ओळखली जाते, १८४० ते १९१२ हा त्यांचा काळ, आणि आजही बहुतेक शिक्षक इथूनच सुरू करतात. फ्रान्स्वा राबाथ यांची वेगळी पद्धत आहे, त्यात अंगठा एका जागी ठेवून हात झुकवून जास्त सूर गाठतात, ती पण फार सुंदर आहे, पण माझं मत असं की गिटारवरून येणाऱ्याने आधी वर्षभर सिमांडलच करावं, कारण आपल्याला ताणायची सवय आधीच आहे आणि तीच मोडायची आहे. वर ऑक्टेव्हच्या पुढे गेलं की करंगळी सोडून तिसरं बोट येतं आणि अंगठा सुद्धा बोर्डवर येतो, ते आत्ता डोक्यात घेऊ नका.

आता दाबायचं कसं. गिटारवर आपण अंगठा आणि बोटं यांची पकड करतो, चिमट्यासारखी, आणि तिथे फ्रेट असल्यामुळे थोडक्यात भागतं. डबल बेसवर चिमटा केला की अंगठा गेलाच. इथे तार दाबायची ती हाताच्या वजनाने, म्हणजे कोपर वर उचललेलं, मनगट सरळ, बोटं गोल, आणि अख्खा हात खांद्यापासून मागच्या बाजूला ओढला जातोय असं, जसं आपण जड दरवाजा हँडल धरून स्वतःकडे ओढतो. अंगठा गळ्याच्या मागे साधारण दुसऱ्या बोटाच्या समोर, नुसता टेकलेला. बरोबर जमतंय का बघायचं तर सूर वाजवताना अंगठा चक्क उचलून बघा, सूर तसाच राहिला पाहिजे. मी हे रोज रियाज सुरू करताना दोन मिनिटं करतो, अजूनही. कोपर खाली पडलं की सूर पडतो, आणि कोपर दमल्यावरच पडतं, म्हणून सुरुवातीला वीस मिनिटं वाजवा, थांबा, हात खाली सोडा, मग परत वीस मिनिटं. बोटांना फोड येणार, घट्टे पडणार, ते चालतं, फोड आलेला असताना मात्र वाजवू नका, फुटला तर आठवडा जातो. सांध्यात किंवा मनगटात दुखलं तर त्याच क्षणी थांबायचं, स्नायू दमणं वेगळं आणि हे वेगळं.

पण हे सगळं जमतं कधी, तर वाद्य स्वतःच्या जोरावर उभं असेल तेव्हा. बेस गिटार पट्ट्याला लटकते, डबल बेस तुम्हाला टेकतो. एंडपिन, म्हणजे वाद्याच्या तळाची दांडी, एवढी बाहेर काढा की नट साधारण कपाळाच्या किंवा भुवईच्या उंचीला येईल, हे सुरुवातीचं माप, खरं माप उजव्या हाताचं, म्हणजे बो (गज) ब्रिज आणि फिंगरबोर्डच्या टोकाच्या मधे न वाकता पोचला पाहिजे. उभे राहा, वाद्य थोडं स्वतःकडे वळवा, मागच्या बाजूची वरची कड पोटाच्या डाव्या बाजूला टेकू द्या, डावा गुडघा हवा तर मागून आधाराला. आता दोन्ही हात सोडा. वाद्य पडत नाही ना, तर जागा बरोबर आहे. पडत असेल तर डावा अंगठा ते धरून ठेवण्याचं काम करतोय, आणि तोच अंगठा नंतर दुखतो. उंच स्टुलावर बसूनही वाजवता येतं, पाठीचा त्रास असणाऱ्यांना तेच बरं, पण एक पाय जमिनीवर घट्ट हवा.

वाद्य घेण्याबद्दल थोडक्यात. शक्य असेल तर आधी भाड्याने घ्या, सहा महिन्यांत कळतं. प्लायवूडचा बेस कमी दर्जाचा म्हणून नाक मुरडतात लोक, पण शिकायला तो चांगला, दणकट असतो, हवामानाचा त्रास कमी, ॲम्पवर फीडबॅक पण कमी देतो. पूर्ण कोरीव सॉलिड लाकडाच्या वाद्याचा आवाज खुलतो खरा, पण त्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता सांभाळावी लागते नाहीतर तडा जातो. मधला मार्ग म्हणजे वरची पाटी सॉलिड आणि बाकी प्लाय. सगळ्यात महत्त्वाचं सेटअप. मी पहिला बेस घेतला त्याची ॲक्शन, म्हणजे तारांची बोर्डपासूनची उंची, इतकी वर होती की जी तारेखाली करंगळी जात होती, आणि मला वाटायचं डबल बेस असाच असतो, माझीच ताकद कमी आहे. एका कारागिराने ब्रिज उतरवून दिला आणि तेच वाद्य वेगळं झालं. बोटांनी वाजवायचं असेल तर फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार साधारण ५ ते ६ मिलिमीटर आणि ई साधारण ८ ते ९, एवढं सुरुवातीला पुरे. तारा स्टीलच्या घ्या, जॅझमध्ये थोमास्टिकच्या स्पिरोकोर खूप चालतात, बो जास्त वापरणार असाल तर त्या जरा खरखर करतात, तेव्हा दुसऱ्या बघा. आणि हे नक्की लक्षात ठेवा, तारा बदलताना एकावेळी एकच काढायची. ब्रिज चिकटवलेला नसतो, तो तारांच्या दाबावरच उभा असतो, आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या आणि मागच्या पाटीमधली लाकडी दांडी, पण तसाच नुसता अडकवलेला असतो, चारही तारा एकदम सोडल्या तर दोन्ही पडू शकतात आणि साउंडपोस्ट परत बसवणं घरी जमण्यातलं काम नाही.

आता सूर, म्हणजे खरा विषय. १९५१ मध्ये लिओ फेंडरने जो बेस काढला त्याला प्रिसिजन नाव दिलं ते फ्रेटमुळेच, बोट थोडं इकडे तिकडे पडलं तरी सूर नेमका. ती नेमकी गोष्ट इतकी वर्षं फ्रेट तुमच्यासाठी करत होती आणि आता ती तुमच्या कानाने करायची आहे. गिटारवर आपण मोकळ्या तारा टाळतो, आवाज वेगळा येतो म्हणून, नोट कापता येत नाही म्हणून. ही सवय इथे सोडा. डबल बेसवर मोकळी तार सगळ्यात भरवशाची, कारण ती सुरात असतेच, दाबलेला सूर लगेच तिच्याशी ताडून बघता येतो, आणि दुसरं म्हणजे मोकळी तार वाजत असताना डावा हात रिकामा असतो, तेवढ्या वेळात निवांत शिफ्ट करता येतं. चांगल्या बेसिस्टचे हात नीट बघा, लांबच्या उड्या बऱ्याचदा मोकळ्या तारेच्या आडून मारलेल्या दिसतील.

ट्यून करतानाच कान तयार करायला घ्या. डी तारेवर जिथे जी चा सूर येतो, गिटारवरच्या पाचव्या फ्रेटची जागा, तिथे पहिल्या बोटाने हार्मोनिक घ्या, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडा, आणि जी तारेवर जिथे डी येतो, सातव्या फ्रेटची जागा, तिथे चौथ्या बोटाने. दोन्हीचा सूर एकच यायला हवा. गंमत अशी की या दोन जागांमधलं अंतर बरोबर एक पूर्ण सूर, म्हणजे तुमच्या १ आणि ४ मधलं अंतर, त्यामुळे ट्यून करता करता हाताचा साचा पण तपासला जातो. हेच ए आणि डी वर, मग ई आणि ए वर. ई वरून ए लावताना घाई करू नका, खर्जातलं कणसूर कानाला उशिरा कळतं.

नंतर ड्रोन, म्हणजे सतत वाजत राहणारा एकच सूर, लावा, तानपुऱ्याचं कुठलंही ॲप चालेल, डी वर ठेवा आणि त्यावर डी, ए, परत डी असं सावकाश वाजवत बसा. कणसूर लागलं की आवाजात लाटा येतात, सुरात आलं की लाटा थांबतात आणि वाद्य अंगाला टेकलंय तिथे थरथर वाढते, ती शोधायची. फिंगरबोर्डवर स्टिकर लावू का हा प्रश्न सगळे विचारतात. मी लावले होते आणि काढून टाकले, कारण वरून तिरकं बघितलं की डोळ्याला जागा सरकलेली दिसते आणि नजर खाली गेली की मान वाकते, खांदा वर येतो. फारच वाटलं तर बोर्डच्या कडेला पाचव्या आणि सातव्या जागी पेन्सिलीचा बारीक ठिपका करा. खरी खूण वाद्यातच असते, गळा जिथे पोटाला मिळतो ती टाच. अंगठा टाचेच्या बाकाला लागला की जी तारेवर पहिलं बोट काही वाद्यांवर डी वर पडतं, काहींवर ई फ्लॅटवर. तुमच्या वाद्याचं कोणतं ते पहिल्याच दिवशी शोधा, मग अंधारातही ती जागा सापडेल.

काय वाजवायचं, तर पहिला महिना फक्त हाफ पोझिशन आणि फर्स्ट पोझिशन. हाफ पोझिशनमध्ये पहिलं बोट ई तारेवर एफ वर असतं, फर्स्टमध्ये अर्धा सूर पुढे, एफ शार्पवर. एफ मेजर हात न हलवता अख्खं बसतं: ई तारेवर १ ने एफ, ४ ने जी, मग मोकळी ए, ए तारेवर १ ने बी फ्लॅट, ४ ने सी, मोकळी डी, डी तारेवर २ ने ई आणि ४ ने वरचा एफ. बी फ्लॅट मेजर पण तसंच ए तारेपासून सुरू करून तिथल्या तिथेच होतं. जी मेजर फर्स्ट पोझिशनमध्ये: ई तारेवर २ ने जी, मोकळी ए, १ ने बी, २ ने सी, मोकळी डी, १ ने ई, ४ ने एफ शार्प आणि मोकळी जी. या तीन स्केल ६० च्या मेट्रोनोमवर, एका सुराला दोन बीट. त्यानंतर सी मेजर घ्या, त्यात जी तारेवर बी नंतर सी साठी हात वर न्यावाच लागतो, हे तुमचं पहिलं खरं शिफ्ट. शिफ्ट करताना दाब सोडा पण तारेचा स्पर्श सोडू नका, अंगठा हाताबरोबरच सरकला पाहिजे, मागे राहून नंतर ओढला जाता कामा नये. आणि पोचायच्या आधी तो सूर मनात म्हणा, नुसता गुणगुणला तरी चालतो, मी सांगतो, या एका गोष्टीने माझा सूर जितका सुधारला तितका बाकी कशाने नाही.

कंटाळा आला की एफ मधला बारा बारचा ब्लूज लावा. एफ, बी फ्लॅट, सी ही तिन्ही रूट, म्हणजे कॉर्डचे मूळ सूर, हाफ पोझिशनमध्येच आहेत, त्यांचे फिफ्थ, म्हणजे पाचवे सूर, पण तिथेच, सी चा फिफ्थ तर मोकळी जी तार. रूट-फिफ्थ, बारमध्ये दोनच सूर, एवढंच. सोपं वाटतं पण सुरात आणि टायमात दहा मिनिटं वाजवून बघा.

उजवा हात. बोटाच्या टोकाने वर ओढायचं नाही. तर्जनी तारेला जवळपास समांतर, खाली जमिनीकडे, आणि बोटाच्या कडेचं मांस जितकं जास्त तारेला लागेल तितका आवाज गोल. अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टोकाजवळ टेकवा, आणि बोटाने नाही तर हाताने तार आडवी ओढा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसिस्ट जेम्स जेमर्सन आधी डबल बेसच वाजवायचे, आणि बेस गिटारवर आल्यावरही ते फक्त तर्जनीनेच वाजवत राहिले, म्हणजे एका बोटात किती ताकद आहे ते बघा. दोन बोटं आलटून पालटून नंतर, वेगासाठी. आणि सूर इथे गिटारपेक्षा लवकर विरतो, त्यामुळे गिटारवरच्या भरगच्च सोळाव्या नोटा इथे नुसत्या टकटक वाटतात. कमी सूर, पण प्रत्येकाला पुरती लांबी द्या, पुढचा सूर वाजेपर्यंत डावं बोट उचलायचं नाही.

बो बद्दल बरेच बेस गिटारवाले म्हणतात की मला जॅझच वाजवायचाय, गज कशाला. तरी घ्या. छेडलेला सूर एका क्षणात विरतो म्हणून चूक लपते, बो ने तोच सूर चार बीट धरला की सगळं उघडं पडतं. फ्रेंच बो वरून धरतात, चेलोसारखा, जर्मन बो खालून, हँडशेक केल्यासारखा, दोन्ही बरोबर आहेत, शिक्षक जो वापरतो तो घ्या. रोझिन म्हणजे राळ डबल बेसचीच हवी, व्हायोलिनची कडक असते, चालत नाही. रोज दहा मिनिटं मोकळ्या तारा, चार बीट खाली, चार बीट वर, बो तारेला काटकोनात. ई वर सावकाश आणि जास्त वजन, जी वर जरा वेगात. झालं की बो ढिला करून ठेवा. आणि हे दहा मिनिटं रियाजाच्या सुरुवातीलाच करा, शेवटी ठेवलं तर होत नाही.

शिक्षक मिळाला तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत नक्की जा, नंतर स्वतः शिकता येतं पण सुरुवातीला कोपर पडलंय हे स्वतःला दिसत नाही. नाहीच मिळाला तर आरसा ठेवा आणि मोबाईलवर बाजूने शूट करून बघा.

बँडमध्ये नेणार असाल तर पिकअप पिएझो, म्हणजे वाद्याची थरथर पकडणारा, असतो, त्याला निदान १ मेगओम इनपुटचा प्रीॲम्प लागतो, सरळ गिटारच्या ॲम्पमध्ये लावला तर आवाज पातळ आणि नाकातला येतो. हायपास फिल्टर असलेला प्रीॲम्प घ्या, खालची ई तार ४१ हर्ट्झची असते, त्याच्या खालचं सगळं कापून टाकलं की निम्मा फीडबॅक जातो. ॲम्प मागे सरळ रेषेत ठेवू नका, थोडा बाजूला. ब्रेकमध्ये वाद्य पाठीवर कधीच ठेवायचं नाही, कुशीवर आडवं करायचं, ब्रिज येण्या-जाण्याच्या बाजूला नको.

आणि बेस गिटार सोडू नका, दोन्ही सांभाळणारे खूप आहेत, स्टॅनली क्लार्क, जॉन पॅटिटुची, ख्रिश्चन मॅकब्राइड. फक्त सुरुवातीचे काही महिने एकाच दिवशी दोन्ही वाजवताना आधी डबल बेस, मग गिटार. गिटार हातात घेतली की पहिली पाच मिनिटं ती खेळण्यासारखी वाटते आणि तुम्ही नको तितकं दाबता, सूर वर चढतो, तेव्हा मुद्दाम हलक्या हाताने एक स्केल वाजवून घ्या आणि मग गाण्याला लागा.